कंदिलावरची अक्षरं पेंटरकडून लिहून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आलीय म्हणून लिहितोय. आमच्या देवगडकडे मंडळं नाक्यावर मोठा आकाशकंदील लावतात, पण हल्ली त्यावर मंडळाचं नाव फ्लेक्सवरून छापून आणून चिकटवतात आणि त्या नावापेक्षा मोठे शुभेच्छुकांचे फोटो असतात, म्हणजे कंदील कोणाचा तेच कळत नाही.

जपानमध्ये कागदी कंदिलावर हाताने अक्षरं लिहिणं हा एक स्वतंत्र धंदा आहे, टोकियोत तर असे कारागीर आजही दिसतात. बांबूच्या कामट्यांच्या गोल कड्यांवर कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे लिहायला सपाट जागाच नाही, प्रत्येक कामटीवर कागद वर येतो आणि मधे खाली जातो. आधी बारीक ब्रशने अक्षराची कड काढायची, मग आत काळी शाई भरायची. फटकारे मुद्दाम जाड ठेवतात, लांबून आणि रात्री आतला दिवा लागल्यावर सुद्धा नाव वाचता आलं पाहिजे म्हणून. बाहेर लावायच्या कंदिलाला पावसासाठी वरून तेल लावायची सुद्धा पद्धत आहे.

टोकियोच्या असाकुसाला सेन्सोजी मंदिराच्या दरवाजात लाल कंदील आहे, ३.९ मीटर उंच, वजन साधारण ७०० किलो, कागद खराब होतो म्हणून साधारण दहा वर्षांनी नवीन करतात. १९६० मध्ये तो मात्सुशिता कोनोसुके या मोठ्या उद्योगपतींनी दिला, ज्यांची कंपनी आता पॅनासोनिक म्हणून आपल्या घराघरात माहीत आहे. पण कंदिलाच्या तोंडावर नाव आहे ते दरवाजाचं, देणगीदाराचं नाव खालच्या धातूच्या कड्यावर! मला हे फार आवडलं. देणगीदाराचा मान राहतो आणि कंदिलाची शोभाही जात नाही.

आता कोणी म्हणेल आपल्याकडे असे हात कुठे आहेत. आहेत ना! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावर जाऊन बघा, ओढून ठेवलेल्या होड्यांवर पेंटरकाका नावं रंगवत असतात. होडीचं अंग काय सपाट असतं? गोलाईवर 'श्री' ची वेलांटी एका दमात फिरवतात, खाली उतरून लांबून बघतात, परत चढून कान्याची जाडी सारखी करतात, तेही हातात पट्टी नसताना. अशा माणसांना फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्यांचं काम मिळत नाही, पोरं हे शिकायला तयार नाहीत आणि त्यात पोरांचा दोष नाही, पोट भरायला नको का.

मंडळांना विनंती आहे, यंदा कामट्या, कागद आणि खळीचा कंदील करा आणि नाव पेंटरकडून लिहून घ्या, फ्लेक्सचे पैसे त्यांना द्या. वर्गणीदारांची नावं खालच्या कडेला बारीक अक्षरात चालतील. आणि तुमच्या पेपरने कंदील स्पर्धा ठेवली तर अक्षरांसाठी वेगळं बक्षीस ठेवा, परीक्षक म्हणून बंदरावरच्या एखाद्या पेंटरकाकांनाच बोलवा.

आपला,
एक वाचक, देवगड