ट्रेलर ओढता येतो, पण उतारावर काय?

मा. संपादक,

जुन्या मोटारीमागे घडीचा तंबू-ट्रेलर जोडून मुक्कामी फिरण्याच्या छंदावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. मात्र वीस अश्वशक्तीचे इंजिनही ट्रेलर ओढू शकते एवढे सांगून लेखाने हा विषय सोडून दिला आहे. ओढण्याची अडचण खरे तर फारशी येत नाही. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्ड मॉडेल टी खालच्या गिअरमध्ये, रखडत का होईना, ट्रेलरसह चढ चढते. अडचण येते ती उतारावर. म्हणून ट्रेलर किती वजनाचा घ्यायचा ते इंजिनावरून ठरवू नये, ब्रेकवरून ठरवावे.

मॉडेल टीच्या पायाच्या ब्रेकचा चाकांशी थेट संबंधच नसतो. उजवे पेडल दाबले की गिअरपेटीतल्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळला जातो. ती पकड शाफ्ट, क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी आणि मागचा अ‍ॅक्सल यांतून चाकांपर्यंत पोहोचते. मधला एखादा भाग तुटला तर पेडल नुसतेच खाली जाते. यात सर्वांत बेभरवशाचे म्हणजे डिफरन्शिअलमधले (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचातले) बॅबिटचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा रेटा झेलणाऱ्या चकत्या. हा मऊ मिश्रधातू जुना झाला की त्याला तडे जातात, त्याचा भुगा होतो. मग क्राउन बाजूला सरकते, पिनियनचे दाते सुटतात आणि गाडी मोकळी धावू लागते. बाहेरून याचा काहीच पत्ता लागत नाही. अ‍ॅक्सल उघडून तिथे ब्राँझचे वॉशर बसवलेत याची खात्री झाल्याशिवाय त्या गाडीला ट्रेलर लावू नये. आधीच्या मालकाने तोंडी दिलेल्या ग्वाहीवर तर मुळीच नाही.

हातब्रेक मागच्या चाकांवर असतो, पण त्याचे मूळ शू नुसते बिडाचे. उभी गाडी धरून ठेवण्याइतकीच त्यांची ताकद. लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, लावलेले शू बसवले तर फरक पडतो. ट्रेलरसाठी मात्र मागच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे, पेडलला जोडलेले ब्रेक हवेतच. छंदातली मंडळी त्यांना ‘रॉकी माउंटन’ म्हणतात. पट्टे बाहेरून असल्यामुळे ते ओले झाले की घसरतात, आणि गाडी मागे सरकत असेल तर त्यांची पकड कमी पडते. चढावर थांबताना हे ध्यानात ठेवावे. चढ सोपा व्हावा म्हणून काही जण रकस्टेलचा दोन वेगांचा अ‍ॅक्सल बसवतात. तो उपयोगी खराच, पण त्याच्या दोन वेगांच्या मध्ये न्यूट्रल आहे. दांडा मध्येच अडकला तर इंजिनाचा रोध आणि गिअरपेटीतला ब्रेक दोन्ही एकदम जातात. चाकांवर वेगळा ब्रेक नसताना रकस्टेल बसवणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

एक हिशेब मांडू. गाडी ७०० किलो, चार माणसे २८० आणि भरलेला ट्रेलर २३० किलो, म्हणजे एकूण १२१० किलो. आठ टक्क्यांच्या उतारावर तीन किलोमीटर गेले की गाडी २४० मीटर खाली येते. एवढ्यात सुमारे २८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पंचवीस अंशांचे नऊ लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. चाकांचे घर्षण आणि वारा यांचा वाटा वजा केला तरी उरलेली उष्णता इंजिनाने तरी झेलायची, नाहीतर ब्रेकच्या पट्ट्याने. कापसाचा पट्टा एवढ्या उष्णतेने करपतो आणि त्याचे तंतू तेलात मिसळतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच, माथ्यावर, वेग अगदी कमी करून डावे पेडल तळापर्यंत दाबावे आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरावे. ब्रेक अधूनमधून, थोडा वेळच लावावा. वेग ३० वरून ४५ किलोमीटरवर गेला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, हेही विसरू नये.

फोर्डचीच मॉडेल ए (१९२८ ते १९३१) या बाबतीत बरीच बरी. चाळीस अश्वशक्ती आणि चारही चाकांना ब्रेक. पण ते सळयांनी चालणारे ब्रेक आहेत. चारही चाकांची पकड सारखी जुळवलेली नसली तर मागून ट्रेलर रेटत असताना गाडी एका बाजूला ओढली जाते. शिवाय तिच्या गिअरपेटीत सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना चक्रांचे वेग जुळवणारी सोय, नाही. उतारावर खालचा गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच सुसाट सुटते. तेव्हा तिचाही गिअर माथ्यावरच बदलावा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेऊ नये, असे आमचे मत आहे. वजन अंदाजाने धरू नये, पाणी, स्टोव्ह आणि अंथरुणे भरून काट्यावर करावे. त्यातले दहा ते पंधरा टक्के, म्हणजे २३० किलोपैकी २३ ते ३५ किलो, हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, यायला हवे. ट्रेलरची दांडी जोडणीच्या उंचीला आडवी धरून तिच्याखाली घरातला वजनकाटा ठेवला की आकडा कळतो. तो कमी भरला तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. जास्त भरला तर गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. जड सामान अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावे. हिच चासीलाच बोल्ट केलेला असावा, बंपरला किंवा स्टेपनीच्या कडीला नाही. दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावाव्यात. हिच निसटला तरी दांडी त्यांच्यावर अडकते, रस्त्यात रुतत नाही.

लाकडी आऱ्यांची चाके हाताने हलवून पाहावीत. आरा कटकटत असेल तर चाक रात्रभर पाण्यात ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. लाकूड फुगते आणि आवाज दोन दिवस थांबतो. मग तेच लाकूड वाळून आणखी सैल पडते, आतून कुजतेही. असे आरे बदलणे हाच उपाय. ३० बाय साडेतीन इंचाच्या क्लिंचर (कडा रिमच्या वळलेल्या काठात अडकणाऱ्या) टायरमध्ये ५५ ते ६० पौंड हवा हवी. कमी हवेवर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. निघाल्यावर वीसेक किलोमीटरांनी थांबून ट्रेलरच्या चाकांचे तुंबे हाताने चाचपावेत. हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार आवळले आहे किंवा ग्रीस कोरडे पडले आहे.

चढाची एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नाही. बहुतेक मॉडेलांत टाकी सीटखाली असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरते. टाकीत थोडेच उरले असेल तर तीव्र चढावर ते पोहोचत नाही. अशा वेळी लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत. मागे ट्रेलर असताना ते जमत नाही, म्हणून चढाआधी टाकी भरून घ्यावी.

दिव्यांचे थोडक्यात. सहा व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब साडेतीन अँपिअर खातो, म्हणून तार जाड घ्यावी. ट्रेलरची अर्थिंग हिचच्या गोळ्यावर न सोडता वेगळ्या तारेने आणावी. मॉडेल एमध्ये बॅटरीचे धन टोक अर्थला असते, तिथे साधे एलईडी दिवे उलटे जोडले जाऊन पेटतच नाहीत.

तंबूचे कापड सुती असेल तर नवे कापड पहिल्या मुक्कामाआधी दोन-तीनदा ताणून भिजवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. धागे फुगून शिवणीची भोके बुजतात. साबणाने धुऊ नये. साबणाचा अंश राहिला की पाणी झिरपते. सुती दोर ओले झाले की आखडतात, म्हणून पावसाची चिन्हे दिसली की ते थोडे सैल करावेत. नाहीतर मेखा उपटतात किंवा कापडाची कडी फाटते. ओला तंबू मिटून आणावाच लागला तर घरी पोहोचल्याबरोबर पसरावा. बुरशी आधी शिवणीचा धागा खाते. पेट्रोलमध्ये मेण विरघळवून कापडावर चोपडण्याची जुनी कृती अजूनही सांगितली जाते. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या सर्कशीचा तंबू असाच जलरोधक केलेला होता. ६ जुलै १९४४ रोजी तो पेटला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्वालारोधक म्हणून विकले जाणारे लेपन महाग पडले तरी तेच वापरावे, आणि स्टोव्ह तंबूच्या बाहेर, कापडापासून दूर पेटवावा. बंद तंबूतल्या स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला कळत नाही.

आपले,
जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत असलेले काही वाचक