जनरेटर घेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोटरहोमसाठी, म्हणजे तुमच्या राहायच्या गाडीसाठी, प्रोपेन गॅसवर चालणारा जनरेटर घ्यायचा हे बाबांनी ठरवलं ते मला मनापासून पटलं. गाडी मधले कितीतरी महिने नुसती उभी राहणार. तेवढ्या काळात पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. प्रोपेन मात्र टाकीत पडून राहिलं तरी खराब होत नाही. केवढा घ्यायचा आणि कधी चालवायचा, याबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

आधी रात्रीचं. बाबा, तुमचं झोपेतलं श्वासाचं मशीन चालावं म्हणून रात्रभर जनरेटर सुरू ठेवायचा विचार कृपा करून सोडून द्या. प्रोपेन पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळतं हे खरं, पण त्याच्याही धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो घात करतो. तुमच्या मशीनला दमटपणा देणारा हीटर बंद ठेवला तर साधारण 30 ते 60 वॉट लागतात, म्हणजे आठ तासांना फार तर 480 वॉट-तास. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी जवळजवळ 1200 वॉट-तास देते. दिवसा जनरेटर लावून बॅटरी भरून घ्यायची आणि रात्र तिच्यावर काढायची. एवढं तुम्ही कबूल केलंत की माझी निम्मी काळजी मिटेल.

आता आकार. दिवे, पंखा, पंप यांचं काही विशेष नाही. खरा प्रश्न छतावरच्या एसीचा. 13,500 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या ताकदीचं माप) एसी चालू असताना दीड हजार वॉटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याला 3000 किंवा जास्तही लागतात. जनरेटरच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा त्या क्षणभराच्या ताकदीचा असतो, तोही दोन्ही इंधनांवर चालणारा जनरेटर असेल तर पेट्रोलवरचा. प्रोपेनवर साधारण दहा टक्के कमी मिळतात. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. दर 300 मीटरला सुमारे साडेतीन टक्के ताकद जाते. 3500 वॉट लिहिलेला जनरेटर 1500 मीटर उंचीवर प्रोपेनवर लावला तर हातात जेमतेम 2600 उरतात, आणि उन्हाळ्यात तुम्ही जाणार डोंगरातच.

म्हणून 5000 वॉटचा घ्यावा असं बाबांना वाटतंय, ते मी समजू शकते. पण मोठा जनरेटर कमी भारावरही बराच गॅस खातो, वजनाला जड, आवाजही जास्त. त्यापेक्षा एसीला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण, बसवून घ्या. त्याने सुरुवातीचा झटका निम्म्याहून कमी होतो आणि मध्यम आकाराचा इन्व्हर्टर जनरेटर (भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा) पुरतो. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावायचा नाही, एवढं पथ्य आई सहज पाळेल.

उचलून बाहेर ठेवायचा की गाडीतच बसवलेला? माझं मत बसवलेल्याकडे आहे. उचलता येणारा म्हणतात तोही 40-50 किलोचा असतो, शिवाय खिडक्या-दारांपासून निदान 6 मीटर लांब न्यायचा, दर वेळी सिलिंडर जोडायचा. बाबांच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही, आणि पावसात तर नकोच. बसवलेला असला की आतून बटण दाबलं की झालं. मात्र धुराची नळी गाडीच्या अंगाबाहेर निघालेली आहे ना, सांधे घट्ट आहेत ना, हे दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. एक बारीक गोष्ट: तो स्वयंपाकाच्याच टाकीतून गॅस घेईल. 9 किलो प्रोपेनमध्ये हजार वॉटचा भार साधारण दहा ते पंधरा तास चालतो, त्यामुळे काट्यावर आईचं लक्ष असू दे.

थंडीत टाकीत गॅस असूनही जनरेटर अडखळला तर घाबरू नका. टाकीत प्रोपेन द्रव असतं आणि उकळून त्याचा वायू होतो. उणे 42 अंशांपर्यंत ते वायू होतं, पण गारठ्यात ते हळू उकळतं. भार कमी केला की सावरतं. ब्यूटेन मिसळलेला गॅस मात्र थंडीत भरून घेऊ नका, ब्यूटेन शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं.

दोन अलार्म हवेत. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळलं तर खाली साचतं, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपायच्या जागेजवळ. गॅसला वास घातलेला असतो खरा, पण वयाबरोबर नाक मंदावतं, त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहायचं नाही.

बाबा, एसीच्या पाटीवर चालू असतानाचे आणि सुरू होतानाचे अँपिअर लिहिलेले असतात. तेच एसीच्या पुस्तिकेतही सापडतील, त्यासाठी छतावर चढू नका. ते आकडे आणि टाकी किती किलोची आहे एवढं कळवा. तोवर कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

तुमची,
ताई