कर्जाचा कागद मराठीत मागण्याची सवय लावू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस जवळ आले की ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि खाडीपलीकडे वाशीच्या बाजारपेठेत दुकानांच्या काचांवर ‘शून्य टक्के व्याज’, ‘आज घेऊन जा, पैसे नंतर भरा’ अशा पाट्या झळकू लागतात, आणि नोकरदार माणूस आत शिरून पहिला प्रश्न विचारतो तो ‘हप्ता किती बसेल?’ हा. प्रश्न रास्तच आहे, कारण पगारातून दरमहा किती रक्कम जाणार हे कळायलाच हवे. परंतु बहुतेक वेळा तो एकच प्रश्न विचारला जातो. व्याजाचा खरा दर, प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत गळ्यात घातलेला विमा, हप्ता चुकल्यास बसणारा दंड यांपैकी कशाचाही उल्लेख होण्याआधी ओटीपी सांगितला जातो आणि करार पूर्ण होतो. आर्थिक साक्षरतेची चर्चा आपल्याकडे बहुधा म्युच्युअल फंड, शेअर आणि सोने यांच्याभोवती फिरते. ज्या घरात महिनाअखेरीस काही शिल्लकच राहत नाही, त्या घराला गुंतवणुकीचे धडे देऊन काय उपयोग? तिथे कर्जाचा कागद वाचता येणे ही पहिली गरज आहे आणि या पत्राचा विषय तेवढाच आहे.

हा कागद कसा असावा, याविषयी रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी स्पष्ट परिपत्रक काढले असून १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना ते लागू आहे. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्या या सर्वांनी कर्जदाराला करारापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जातील मुख्य बाबी ठरावीक नमुन्यात मांडणारे विवरण, देणे बंधनकारक आहे. व्याज आणि इतर सर्व शुल्के एकत्र धरून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात, तो दर त्यात लिहावा लागतो. हप्त्यांचे वेळापत्रक, वसुली एजंटांविषयीची अट आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही द्यावा लागतो. जे शुल्क या विवरणात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी ग्राहकाला विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात त्याने होकार दिला तर त्याच अटी कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक राहतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगून तशी पोच घेतली पाहिजे, असे परिपत्रकात नमूद आहे.

या विवरणाने काय फरक पडतो, हे एका हिशेबाने दाखवतो. समजा, कोणी बारा महिन्यांसाठी ६०,००० रुपयांचे कर्ज घेतले आणि दर ‘फ्लॅट बारा टक्के’ सांगितला गेला. व्याज झाले ७,२०० रुपये, एकूण परतफेड ६७,२०० आणि हप्ता ५,६०० रुपये. ऐकायला सारे सरळ वाटते. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० रुपयांवर आकारले जाते. घटत्या शिलकीवर खरोखर बारा टक्के दर लावला असता, तर हप्ता ५,३३१ रुपयांच्या आसपास बसला असता आणि वर्षाचे व्याज चार हजारांच्या आत राहिले असते. म्हणजे बारा टक्के म्हणून सांगितलेला दर प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यातच १,५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी कर्जाच्या रकमेतून आधीच कापून घेतला, तर हातात येतात ५८,२३० रुपये, हप्ता मात्र तोच राहतो, आणि खरा दर सत्तावीस टक्क्यांच्या पुढे सरकतो. हप्त्याच्या आकड्यावरून यातले काहीही कळत नाही. विवरणातील वार्षिक दराच्या एका ओळीत ते सगळे उतरते.

नियम एवढा चांगला असूनही तो ग्राहकाच्या हातात नीट पोहोचत नाही, हे मी माझ्या परिसरात पाहत आलो आहे. शेजारपाजारची मंडळी कधी कधी आपल्या कर्जाचे कागद दाखवायला आणतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये ते विवरण असते, पण इंग्रजीत, वीस-पंचवीस पानांच्या फाइलच्या मध्यावर, बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत. खाली डिजिटल स्वाक्षरी झालेली असते आणि ‘मला सर्व अटी माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आल्या’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे बरोबरची खूण असते. ही खूण कोणी केली, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘दुकानातल्या मुलानेच फोन घेऊन केली.’ तो मुलगाही बहुधा कमिशनवर काम करणारा असतो आणि त्याला कोणी काही शिकवलेले नसते, म्हणून त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची आहे, आणि मराठीत विवरण मागणारा ग्राहक समोर उभा राहिल्याशिवाय ती संस्था हालचाल करणार नाही.

‘शून्य टक्क्यां’बद्दलही थोडे सांगायला हवे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनेत व्याज कुठे तरी भरले जातेच. ते वस्तूच्या किमतीत, न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात असते. तीच वस्तू रोखीने कितीला मिळेल, एवढे विचारले तरी फरक उघड होतो.

क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र या विवरणाच्या नियमातून वगळलेली आहे आणि म्हणून तिथे अधिक सावध राहणे आवश्यक आहे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते. तेवढीच भरली तर बिनव्याजी मुदत संपते, नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते, आणि महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा हा भार उरलेल्या रकमेवर चढत राहतो. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणे बंधनकारक आहे, आणि तो छापलेलाही असतो. तोही मराठीत छापला गेला तर अनेक घरे सावध होतील, याची मला खात्री आहे.

घरातल्या सवयींचा विचार करताना मला नेहमी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची आठवण होते. आपल्याकडे दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या त्यावर नेमाने लिहिल्या जातात. त्याच घरात एकूण किती हप्ते चालू आहेत, कोणत्या तारखेला किती कापले जातात आणि शेवटचा कधी आहे, हे विचारले तर नवरा एक आकडा सांगतो आणि बायको दुसरा. मुलाने मोबाइलवरून घेतलेले छोटे कर्ज दोघांनाही ठाऊक नसते. सगळे हप्ते त्याच कॅलेंडरवर, सर्वांना दिसतील असे लिहिले, तर नव्या हप्त्याचा निर्णय एकट्याने आणि घाईत होत नाही. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर आपली बँक वेगळे शुल्क लावते आणि कर्ज देणारी संस्था वेगळा दंड आकारते, हा दुहेरी फटकाही केवळ तारखा डोळ्यांसमोर असल्याने टळतो. आमच्या भागातील भिशी चालवणाऱ्या भगिनींचे या बाबतीत मला मनापासून कौतुक वाटते. कोणाचा नंबर कधी, कोणाचे किती बाकी, हे त्यांच्या वहीत पैशापैशाने लिहिलेले असते. हिशेबाची शिस्त आपल्या घरांमध्ये मुळात आहे. ती कर्जाकडे वळवणे एवढेच बाकी आहे.

पतसंस्थांचा प्रश्न वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे त्यांच्याकडून कर्ज घेतात, परंतु त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असल्याने रिझर्व्ह बँकेचे वरील परिपत्रक त्यांना लागू होत नाही. त्यांच्यातील ठेवींना बँक ठेवींप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही नसते, हे अनेक ठेवीदारांना ठाऊक नसते. सहकार खात्याने सर्व पतसंस्थांना याच धर्तीवर एकपानी मराठी विवरण सक्तीचे करावे, अशी माझी विनंती आहे. ज्या पतसंस्था चोख चालतात, त्यांना त्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शाळांत आठवीला चक्रवाढ व्याज शिकवले जाते. त्याच तासाला एखादे खरे विवरण मुलांच्या हाती देऊन त्यातील दर शोधायला लावणे कोणत्याही शिक्षकाला जमेल, आणि ती मुले घरी जाऊन आईवडिलांचा कागदही पाहतील. वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भे, महापे, रबाळे येथील कारखान्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे; त्यांना पगाराआधी मोबाइल ॲपवरून उचल घेण्याची सवय लागते आहे. डिजिटल कर्ज घेतल्यावर विचार बदलला, तर संस्थेने ठरवलेल्या मुदतीत (ती किमान एक दिवसाची असावी लागते) मुद्दल आणि तेवढ्या काळाचा आकार भरून, वेगळा दंड न देता बाहेर पडता येते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. संस्थेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक दिले नाही किंवा तीस दिवसांत काहीच कळवले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. कामगार संघटनांनी आणि कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांनी एवढा मजकूर सूचना फलकावर मराठीत लावायला काय हरकत आहे?

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. कर्जांच्या पानभर जाहिराती आपण छापता. त्याच सुमारास एखाद्या रविवारी या विवरणाचा पूर्ण नमुना मराठीत, प्रत्येक ओळीचा अर्थ शेजारी देऊन, कापून ठेवता येईल अशा आकारात छापावा. दुकानात जाताना तो कागद खिशात असला, तर ‘हप्ता किती?’ याच्या जोडीला ‘वार्षिक दर किती आणि विवरण मराठीत कधी देता?’ हे दोन प्रश्न विचारणे सामान्य ग्राहकाला सोपे जाईल. दिवाळीच्या खरेदीला सुरुवात होण्यापूर्वी हे व्हावे, अशी विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (प.)