शिकाऊ कामेच गेली, तर जाणकार येणार कोठून?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती नोकऱ्या जातील आणि किती नव्या येतील, याचीच चर्चा सध्या सर्वत्र चालू आहे. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यापुरता प्रश्न मला थोडा वेगळा वाटतो. नवशिक्याच्या वाट्याला येणारी पहिल्या दोन-तीन वर्षांची कामेच यंत्राने उचलली, तर पुढची जाणती माणसे घडणार कोठे?

या पट्ट्याने हे एकदा पाहिलेले आहे. मी येथील एका रासायनिक कारखान्यातून पॅनल ऑपरेटर, म्हणजे कंट्रोल रूममधून यंत्रे चालवणारा, म्हणून निवृत्त झालो. आमच्या काळी आयटीआय करून आलेला मुलगा आधी काही वर्षे फील्डवर असे. तासातासाला गेज वाचणे, लॉगशीट भरणे, पंपाचा आवाज बदलला की वरिष्ठांच्या कानावर घालणे, हे सारे अंगवळणी पडल्यावरच त्याला कंट्रोल रूममध्ये बसवीत. पुढे हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोलर जाऊन डीसीएस, म्हणजे साऱ्या यंत्रांवर पडद्यावरून ताबा ठेवणारी संगणकीय प्रणाली, आली आणि नोंदी आपोआप होऊ लागल्या. त्याने काम सुधारले आणि सुरक्षितताही वाढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र फील्डवरची भरती आटली आणि थेट पडद्यासमोर बसलेली मुले आली. पडद्यावरचा आकडाच चुकीचा असेल, मोजलेला आकडा पडद्यापर्यंत पाठवणारा ट्रान्समीटर बिघडला असेल, अशी शंका त्यांना सहसा येत नसे, कारण त्या आकड्यामागचा व्हॉल्व्ह त्यांनी हाताने कधी फिरवलेलाच नव्हता.

आज ऐरोली, घणसोली, महापे येथील आयटी पार्कमध्ये तीच गोष्ट अधिक वेगाने घडू पाहत आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये खुले झाले, आणि तेव्हापासून प्रोग्रामच्या चाचण्या लिहिणे, किरकोळ दोष दुरुस्त करणे, दस्तऐवज तयार करणे, ग्राहकांच्या तक्रारींना पहिले उत्तर देणे ही जी कामे फ्रेशरला दिली जात, नेमकी तीच या साधनांना सर्वांत सहज जमतात. मजकुराच्या अफाट साठ्यावर घडवलेली ही प्रणाली पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधत उत्तर रचते. त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर ती सारख्याच ठाम सुरात देते. ते तपासायला जो अनुभवी माणूस लागतो, तो या किरकोळ कामांतूनच तयार होत आला आहे.

महाविद्यालयांतही वेगळे चित्र नाही. असाइनमेंट यंत्राकडून लिहून घेतली जाते म्हणून प्राध्यापक चिंतेत आहेत. (जर्नल उतरवून काढण्याची परंपरा अर्थात संगणकाच्याही आधीची आहे.) बंदी घालून हे थांबणार नाही. विद्यार्थ्याने साधन वापरावे, पण लिहून आणलेल्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ तोंडी परीक्षेत समजावून सांगावी आणि त्या तोंडी परीक्षेला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत, एवढा बदल तरी करता येईल.

महापे, रबाळे, ऐरोली परिसरात उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडून रोजगाराच्या मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. एकदा बांधून झाली की त्यांना जुन्या कारखान्यांच्या मानाने फारच थोडी माणसे लागतात. मात्र जी लागतात, त्यांतली बरीच संगणक अभियंते नसतात, हे पालकांनी लक्षात घ्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एकेक जीपीयू चिप (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणारी) ७०० वॉट आणि त्याहूनही अधिक वीज घेते आणि तिची उष्णता काढण्यासाठी आता बऱ्याच ठिकाणी द्रवाने थंड करणारी यंत्रणा बसवावी लागते. म्हणजे पुन्हा पाइपलाइन, पंप, चिलर, पाण्याची शुद्धता, उच्चदाबाची वीज. ही विद्या या पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, आणि ती शिकवणारे आयटीआयचे ट्रेड आजही चालू आहेत. स्टेशनाबाहेर जाहिरात लागणाऱ्या तीन महिन्यांच्या ‘एआय कोर्स’इतका बोलबाला मात्र त्यांचा नाही.

नवशिक्यांना हाताने काम करून शिकता यावे, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१पासून आहे. १९७३मध्ये पदवीधर व पदविकाधारक अभियंते आणि २०१४च्या दुरुस्तीने इतर शाखांचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. २०१९च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कर्मचारी धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. सॉफ्टवेअर कंपन्या आणि डेटा सेंटरे यांनाही हा नियम लागू आहे. राज्याच्या कौशल्य विकास विभागाने टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) या आपल्या पट्ट्यातील औद्योगिक क्षेत्रातल्या प्रत्येक आस्थापनेने किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यांना कोणते काम दिले, हे दरवर्षी जाहीर करावे, आणि आपल्या वृत्तपत्राने ती यादी मागून छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पॅनल ऑपरेटर, कोपरखैरणे, नवी मुंबई