व्हर्जिनिया सिटीच्या स्टेशनवर भेटलेल्या नागपूरच्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, विचारायचंच राहिलं. बोलण्यावरून तुम्ही नागपूरचे वाटलात आणि राहता रेनोला एवढंच कळलं. मागच्या महिन्यात शनिवारी नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीला तुम्ही तुमच्या दोन तिकिटांवर एका बाईला आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांना शेजारच्या गोल्ड हिल गावाला जाणाऱ्या वाफेच्या गाडीत बसवलंत, ती बाई मी. कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

आधी माझा गाढवपणा सांगते, कारण तुम्हाला तेव्हा वाटलं असेल की तिकिटं संपली म्हणून आम्ही अडकलो. तसं काही नव्हतं. मी घरूनच ऑनलाइन बुकिंग केलं होतं, पण रविवारचं. खिडकीपाशी गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशीची गाडी फुल. बाबांना सांगायची हिंमत होईना. इगतपुरीहून सहा आठवड्यांसाठी आलेले, ७४ वय, आल्यापासून मॉल बघून आणि आमच्या सोसायटीत चकरा मारून कंटाळलेले, एकच गोष्ट स्वतःहून मागितली होती की वाफेचं इंजिन चालताना बघायचंय. त्यात गाव ६२०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर, आणि मेन रस्त्यावरून स्टेशनला उतरायचा तो उतार, गुडघे धरून धरून कसेबसे खाली आलेले. मी त्यांना बाकावर बसवून खिडकीपाशी हुज्जत घालत होते आणि मागून आवाज आला, "ताई, मराठी का? आमची दोन आहेत न, घ्या." तुमच्या सासूबाईंना रेनोहून वर येतानाच्या वळणांनी उलट्या झाल्या होत्या, त्या आणि वहिनी वरच थांबणार होत्या. मी पर्स उघडली तर तुम्ही म्हणालात, "ठेवा हो ते, काकांना चढवा आधी."

इथपर्यंत मदत कुणीही केली असती असं समजू. मला आभार मानायचेत ते पुढच्यासाठी.

बाबा मालगाडीचे गार्ड होते, ३१ वर्षं, त्यातली बहुतेक कसारा घाटात. (आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. बाबांना ते अजिबात मान्य नाही, "मी गार्ड म्हणून रिटायर झालो, गार्डच मरणार.") तर कुठंही गेलं की बाबा रेल्वेवर सुरू होतात, लग्नात, दवाखान्यात, एकदा तर व्हिसाच्या लाइनमध्ये, आणि मी दरवेळी म्हणते बाबा पुरे, लोकांना नसतो इंटरेस्ट. त्या दिवशी पण तेच. प्लॅटफॉर्मवर ते बुटानं रुळांमधलं अंतर मोजत होते आणि तुम्हाला सांगायला लागले की हे १४३५ मिलिमीटर, आपलं ब्रॉडगेज १६७६. मी म्हणाले बाबा पुरे. आणि तुम्ही म्हणालात, "नाही नाही, सांगा न काका, मंग गार्ड बसतो कुठं यात?"

झालं. बाबांनी शेवटच्या डब्याकडं बोट दाखवलं. त्या लाल डब्याला ते लोक कबूस म्हणतात, म्हणजे आपली ब्रेक व्हॅनच की. तुम्ही त्यांना घेऊन सरळ तिकडं गेलात, मी मागच्या मागं. आणि तुम्ही त्या कंडक्टर आजोबांना, ते काळं जाकीट, साखळीचं घड्याळ, टोपीवाले, काय सांगितलंत ते मला नीट ऐकू नाही आलं, पण त्यांनी टोपी काढली आणि बाबांशी हात मिळवला आणि बाबांना हँडब्रेकच्या चाकाशेजारची जागा दिली.

पस्तीस मिनिटांचा तर प्रवास, जाऊन येऊन. पण त्यात बाबा जेवढं बोलले तेवढं सहा आठवड्यांत माझ्याशी बोलले नव्हते. कंडक्टर माहिती सांगत होते, तुम्ही मराठीत करून देत होतात, बाबा मध्येच प्रश्न टाकत होते आणि तुम्ही तो परत इंग्रजीत फेकत होतात, मला तर तुमच्या जिभेची दया येत होती. १८५९ ला इथं सोनं शोधणारे लोक एका निळसर चिकट मातीला शिव्या घालत होते, ती अवजारांत अडकायची म्हणून, फेकून द्यायचे, आणि मग कुणीतरी ती तपासून घेतली तर निघाली चांदी. मग हे गाव, मग खाणी, आणि १८६९ ला रेल्वेचं काम, कारण खनिज खाली कार्सन नदीवरच्या खनिज दळायच्या गिरण्यांपर्यंत न्यायचं आणि खाणींना आधार द्यायला लाकूड वर आणायचं. हे ऐकल्याबरोबर बाबा म्हणाले, "म्हणजे भरलेली गाडी उतारावर आणि हलकी चढावर. मग इथं इंजिनापेक्षा ब्रेकवाल्याचं काम मोठं." तुम्ही ते सांगितल्यावर कंडक्टर आजोबा दोन सेकंद बघतच राहिले आणि मग त्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली. माझ्याकडं त्याचा व्हिडिओ आहे, हललेला आहे पण आहे.

आणि मग तो चढाचा विषय! व्हर्जिनिया सिटी ते कार्सन सिटी २१ मैलांत गाडी एवढी वळायची की सगळी वळणं जोडली तर १७ पूर्ण गोल होतात, असं ते अभिमानानं सांगत होते, चढ साधारण ४५ ला एक, म्हणजे ४५ फूट पुढं गेलं की एक फूट वर. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तुम्हाला म्हणाले, "त्यांना सांगा, आमचा ३७ ला एक आहे, खाली कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावावं लागतं, आणि आमचा घाट १८६५ चा, यांच्या आधीचा." मी कपाळाला हात लावला, परक्या देशात येऊन कुणी असं बोलतं का, पण तुम्ही एक अक्षर न गाळता सांगितलंत वर स्वतःचं तिखटमीठ पण लावलंत असा मला संशय आहे. तो माणूस किती हसला! मग त्यांचं जे सुरू झालं, कॅच साइडिंग म्हणजे काय, गाडी पळाली तर कुठं वळवायची, बाबा हातानं वाळूची टेकडी दाखवतायत, ते मान हलवतायत. बोगदा आला, ४ नंबरचा, सगळा अंधार आणि वाफेचा वास, तरी यांचं चालूच.

एकच ठिकाणी बाबा गप्प झाले. कंडक्टर म्हणाले की हा रस्ता खणायला चिनी मजूर होते, खाणकामगारांच्या युनियननं मोर्चा नेऊन त्यांना हाकललं, आणि या दोन गावांच्या हद्दीत चिनी माणूस कामाला लावणार नाही असं कबूल करून घेतलं. तुम्ही सांगताना आवाज जरा खाली आणलात. बाबा बाहेर त्या उघड्या बोडक्या टेकड्यांकडं, खाणीतून काढलेल्या पिवळट मातीच्या ढिगांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या घाटात पण कोण कोण होतं त्याची नावं कुठं आहेत." हे तुम्ही भाषांतर केलं नाहीत. बरं केलंत, ते तुम्हालाच होतं.

गोल्ड हिलला इंजिन बघायला उतरलो तेव्हाचा फोटो तुम्ही काढलात, बाबा आणि ते १९१६ चं बाल्डविन इंजिन. घरी आल्यावर मी थोडं वाचलं, तर ही लाइन १९३८ लाच बंद झाली होती, रूळसुद्धा उचलून नेले होते, आणि रॉबर्ट ग्रे नावाच्या माणसानं १९७० नंतर परत टाकायला घेतली, १९७६ पासून प्रवासी गाडी सुरू. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "रूळ उचलल्यावर परत टाकणारा माणूस मी सर्व्हिसमध्ये एकही बघितला नाही."

परत वर आल्यावर तुम्ही बाबांना तुमच्या गाडीतून आमच्या पार्किंगपर्यंत सोडलंत, ती चढण त्यांना झेपलीच नसती, मी तर त्याचा विचारच केला नव्हता. आणि त्या गडबडीत थँक्यू म्हणायचं, नाव विचारायचं, नंबर घ्यायचा सगळंच राहिलं. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "त्या मुलाचं नाव काय गं?" मी काय सांगणार.

बाबा गेल्या आठवड्यात परत गेले. आता रोज फोनवर मीच विचारते, त्या रात्री कसाऱ्याला बँकर सुटला होता तेव्हा काय झालं होतं बाबा, आणि ते म्हणतात तुला सांगितलंय की मागे, आणि मग पहिल्यापासून सांगतात.

आता मुख्य काम. वहिनींचा स्टीलचा डबा आमच्याकडंच राहिलाय, तो शंकरपाळ्यांचा, झाकणावर एक पोचा असलेला. बाबांनी जायच्या आधी स्वतः पातळ पोह्यांचा चिवडा करून त्यात भरून ठेवलाय, रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून, आणि मला रोज विचारतात सापडला का तो मुलगा. आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला असतो, दोन-अडीच तासांवर, मी आणून देईन. तेवढं लवकर कळवा दादा, चिवडा मऊ पडायला लागलाय.