काच साफ करणारा मासा तळ्यात नको

संपादक महोदय,

फिश टँकसाठी मासे घ्यायला गेले की दुकानदार एखादा सकर हमखास गळ्यात मारतो. ‘काच साफ ठेवतो’ म्हणे. बोटाएवढा दिसणारा हा दक्षिण अमेरिकेतला मासा वाढून फुटाच्या वर जातो. शेवाळ खातो तो लहान असताना. मोठा झाला की खाण्यापेक्षा घाणच जास्त करतो. मग दोन फुटी टँकमध्ये तो मावत नाही आणि त्याची रवानगी जवळच्या तळ्यात होते. वर ‘जीव सोडला’ याचं पुण्य!

उजनीच्या मच्छीमारांना विचारा हे पुण्य कसं असतं. सकरच्या अंगावर हाडांचं चिलखत असतं, परांना टणक काटे असतात. जाळ्यात अडकला की सोडवताना जाळंच कापावं लागतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो, म्हणून सांडपाण्यातही तगतो. अंडी घालायला काठ पोखरतो तो वेगळाच.

मुळात काचेवर शेवाळ येतं ते जास्त उजेड आणि जास्त खाण्यामुळे. टँक खिडकीच्या उन्हातून हलवा, एलईडी दिवा सहा ते आठ तासच ठेवा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. उरलेलं शेवाळ जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडलं जातं. जीवच हवा असेल तर नेराइट गोगलगाय घ्या. तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यामुळे पसारा वाढत नाही.

दुसरी खोड महिन्यातून एकदा अख्खा टँक रिकामा करून वाळू नळाखाली धुण्याची. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्येच असतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन धापा टाकतात, मरतात आणि आपण पुन्हा दुकानात! दोन बाय एक बाय एक फुटांच्या टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी असतं. आठवड्याला १२ लिटर सायफनने तळाच्या गाळासकट काढा, स्पंज त्याच पाण्यात पिळा आणि ते पाणी कुंड्यांना घाला. महिन्याचा हिशेब तेवढाच, पण पाणी गटारात जात नाही. मीठ किंवा औषध टाकलेलं पाणी मात्र झाडांना नको.

विजेचंही बघा. ५ वॅटचा फिल्टर अखंड चालला तरी महिन्याला चार युनिटांच्या आत. १०० वॅटचा हीटर रोज आठ तास तापला तर २४ युनिटं! मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर त्याची गरज नसते. पुण्या-नाशकाच्या थंडीत टँकला काचेचं झाकण आणि मागच्या आणि बाजूंच्या काचांना थर्माकोल लावला तर हीटर कमी वेळ चालतो.

आणि मोठा झालेला सकर? दुकानदाराला परत द्या, तो घेत नसेल तर मोठा टँक असलेल्या छंदिष्टाला. छाटलेल्या पाणवनस्पती उन्हात कडकडीत वाळवूनच कचऱ्यात टाका. ओला तुकडा नाल्यात पडला तरी रुजतो.

– एक मत्स्यछंदी, पुणे