शिसं, भिशी आणि तिळाची चटणी

प्रिय आई-बाबा,

शनिवारी आलो तेव्हाच सांगणार होतो. पण आईने गरम पोळी वाढली आणि धीर झाला नाही. दोन महिने झाले, बॅटरीच्या शिशाच्या प्लेटा ओतायचं काम सोडून मी पॅकिंगला गेलोय. तिथे ओव्हरटाइम नाही. आतापर्यंत भिशीतून भागवलं, ती संपली. पुढल्या महिन्यापासून दोन हजार कमी येतील. छपराचं यंदा राहू द्या.

घाबरू नका, मी ठणठणीत आहे. रक्त तपासलं तर शिसं डेसिलिटरला 38 मायक्रोग्रॅम निघालं. अमेरिकेतले तज्ज्ञ कामगारांसाठीसुद्धा 20च्या आतच धरतात. दुखत-खुपत काहीच नव्हतं, म्हणून तर तपासायचं! हवा मोजली तर हवेतलं कळतं. बोटांवरची धूळ जेवताना पोटात किती गेली, ते रक्तच सांगतं. परवाच्या तपासणीत 27 आलं. रक्तातलं महिन्याभरात बरंच उतरतं, पण हाडांत मुरलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं परत येत राहतं. म्हणून वाट पाहत बसलो नाही. मोठ्या काकांच्या वेळी आपण सगळे वाटच पाहत बसलो होतो ना, बाबा.

खरं सांगू? माझ्यापेक्षा छकुलीची काळजी वाटली. कामाच्या कपड्यांवर मी तिला मांडीवर घ्यायचो. लहान मुलांना 3.5 म्हणजेही जास्त. आता कंपनीतच आंघोळ करून, कपडे बदलून निघतो. ती धावत आली की मी दोन पावलं मागे सरकायचो, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल.

हिंगण्याच्या खोलीत कूलर आहे, डबाही बरा, फक्त तर्री जरा जास्तच. आई, गुळाने शिसं उतरत नाही गं, कोणी काही म्हणो. पण पोटात लोह-कॅल्शियम नीट असलं तर ते कमी शोषलं जातं. म्हणून तुझी तिळाची चटणी पाठव. लहानपणी चोरून खायचो तशी, तिखट कमी.

आणि बाबा, आता तुमची पाळी. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते विसरलात का? उघड्या अंगाने पंप पाठीवर घ्यायचा नाही, वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही. फवारणी सुरू व्हायच्या आधी रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे काही कीटकनाशकांनी घटतं ते द्रव्य, तपासून घ्यायचं. आधीचा आकडा असला तरच नंतर घसरला का ते कळतं. मी घेऊन जाईन, पैशाचं बोलू नका. रागावू नका, तुमच्याच खांद्यावर बसून पोळा पाहिलाय मी.

चटणीचा डबा धुऊन ठेवलाय, गुरुवारच्या एसटीने कंडक्टरजवळ पाठवतो.

तुमचा,
बंड्या